डंजन्स अँड ड्रॅगन्समधील लढाई: फायटर आणि विझर्ड यांनी मिळून कशी लढावी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला, तो पटावर छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांच्या परंपरेतून. पात्र रंगवणे आणि गोष्ट रचणे या अंगांनी तो पुढे कितीही वाढला असला, तरी लढाई सुरू झाली की ते मूळ पुन्हा वर येते आणि पाच फुटांच्या चौकटी, पाळ्यांचा क्रम व कोण कुठे उभे आहे यांवर साऱ्या पथकाचा जीव अवलंबून राहतो. तरीही अनेक टेबलांवर फायटर समोर दिसेल त्याच्यावर तलवार चालवतो, विझर्ड हाताशी असलेला सर्वांत मोठा मंत्र टाकतो, आणि दोघे एकाच खोलीत दोन वेगवेगळ्या लढाया लढत राहतात. त्या दोन लढाया एक कशा कराव्यात, हे येथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

पुढील सर्व आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांमुळे जेथे डाव बदलतो तेथे तसे सांगितले आहे. उदाहरणासाठी पाचव्या लेव्हलचे पथक घेऊ. त्यात स्ट्रेंग्थ १८ असलेला, प्लेट चिलखत घातलेला आणि ग्रेटसोर्ड वापरणारा फायटर, इंटेलिजन्स १८ असलेली विझर्ड, एक क्लेरिक (जखमा भरणारा पुरोहित) आणि एक तिरंदाज रेंजर आहे. फायटरचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागण्यासाठी शत्रूने फासा व बोनस मिळून गाठायचा आकडा, १८ आहे, आणि विझर्डच्या मंत्रांपासून वाचण्यासाठी शत्रूला सेव्हमध्ये, म्हणजे बचावाच्या फाशात, १५ गाठावे लागतात.

पहिली पायरी: शत्रूच्या पाळ्या मोजाव्यात

या खेळात एकच हिट पॉइंट (जीव मोजण्याचा गुण) उरलेला राक्षस आणि एकही जखम न झालेला राक्षस सारख्याच ताकदीने मारतात. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की बाकीचे बरेचसे डावपेच आपोआप सुचतात. चार शत्रूंना थोडे थोडे जखमी केल्याने पुढच्या फेरीत आपल्यावर होणाऱ्या हल्ल्यांची संख्या तीळभरही कमी होत नाही. त्याच नुकसानीत एक शत्रू आडवा केला, तर त्याच्या यापुढच्या सगळ्या पाळ्या संपतात. म्हणून प्रत्येक खेळाडूने आपल्या पाळीआधी स्वतःला विचारावे, की माझ्या या कृतीने शत्रूच्या किती पाळ्या वाया जातील.

फायटर आणि विझर्ड यांची उत्तरे वेगळी असतात, आणि त्यातच त्यांची जोडी जुळते. पाचव्या लेव्हलला फायटरला एका पाळीत दोन वार मिळतात, अ‍ॅक्शन सर्ज ही जादा कृतीची क्षमता वापरल्यास चार. प्रत्येक वाराचे सरासरी नुकसान ११. एका मोठ्या शत्रूला लवकर संपवणे हे त्याचे बळ आहे. विझर्ड एका पाळीत अनेकांना जागच्या जागी थांबवू शकते किंवा अनेक दुबळ्यांना एकदम मारू शकते, परंतु एकाच दणकट शत्रूला पाडायला तिला फार मंत्र खर्चावे लागतात. म्हणून विझर्डने शत्रूंचे असे तुकडे पाडावेत की प्रत्येक तुकडा फायटरच्या आवाक्यात येईल, आणि फायटरने तिला तेवढा वेळ मिळवून द्यावा.

दुसरी पायरी: जागा निवडावी

चिलखत घातलेला माणूस मध्ये उभा राहिला की शत्रू मागच्यांपर्यंत पोहोचत नाही, असा पुष्कळ खेळाडूंचा समज असतो. पाचव्या आवृत्तीत तो फसवा ठरतो. शत्रू आपल्या पल्ल्याच्या आत कितीही फिरला तरी ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर पाळीबाहेर करता येणारा वार) मिळत नाही. तो पल्ल्याबाहेर जाऊ लागला तरच मिळतो, आणि तोही एका फेरीत एकदाच, कारण रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी कृती) एकच असते. दहा फूट रुंदीच्या बोळात मधोमध फायटर उभा असेल, तर पहिला गॉब्लिन त्याचा वार झेलेल आणि उरलेले शेजारच्या मोकळ्या चौकटीतून निघून जातील. त्यातही गॉब्लिनला निंबल एस्केपमुळे बोनस अ‍ॅक्शनमध्ये डिसएंगेज करता येते, म्हणजे वार न ओढवता निसटता येते, आणि तो पहिला वारही हुकतो.

शत्रूला खरोखर अडवतो तो देह आणि भिंत. पाच फूट रुंदीचा दरवाजा दिसला की पथकाने त्याच्या अलीकडे थांबावे. येथे एक बारकावा आहे, जो पटावर मिनिएचर ठेवून पाहिल्याशिवाय पटत नाही: फायटरने दरवाजाच्या चौकटीत उभे राहू नये, तर एक चौकट मागे, आपल्या बाजूला उभे राहावे. चौकटीत उभे राहिल्यास पलीकडच्या तीन चौकटींमधून तिघे त्याच्यावर वार करू शकतात आणि आपल्या बाजूने त्याच्या मदतीला कोणालाच नीट जागा मिळत नाही. एक पाऊल मागे सरल्यास चित्र उलटते. दरवाजात एकच शत्रू मावतो आणि त्याच्याभोवती आपल्या बाजूच्या तीन चौकटींमध्ये फायटर, क्लेरिक आणि गरज पडल्यास आणखी कोणी उभे राहू शकते.

समोर ओगरसारखा मोठा प्राणी असेल तर हाच दरवाजा दुप्पट मोलाचा होतो. ओगर दहा फूट जागा व्यापतो. पाच फुटांच्या दरवाजात त्याला अंग चोरून शिरावे लागते, आणि २०१४ च्या नियमांनुसार तशा अवस्थेत त्याच्या हल्ल्यांना डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरणे), तर त्याच्यावरच्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज (दोनांतला मोठा आकडा धरणे) मिळतो. एरवी आपल्या फायटरला त्याचा वार ४५ टक्के वेळा लागला असता; आता सुमारे २० टक्के वेळा लागतो. एकही मंत्र किंवा स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) न खर्चता, केवळ पाच फूट मागे सरून एवढा फरक पडतो. म्हणूनच खोलीत शिरण्याची घाई पाहिली की मला मनापासून हळहळ वाटते.

दरवाजा नसेल आणि मोकळ्या मैदानात लढावे लागले, तर फायटरसाठी सेंटिनल हे फीट (निवडून घेतलेले खास कौशल्य) अतिशय उपयोगी आहे. त्यामुळे ऑपॉर्च्युनिटी अटॅक लागलेल्या शत्रूचा वेग त्या पाळीपुरता शून्य होतो, आणि डिसएंगेज करून निसटणाऱ्यावरही वार करता येतो. गॉब्लिनच्या त्या युक्तीला याहून सरळ उत्तर नाही. २०२४ च्या नियमांनी वेपन मास्टरीद्वारे शत्रूला ढकलणे, पाडणे आणि त्याचा वेग कमी करणे हेही फायटरच्या नेहमीच्या वारातच आणले आहे, त्यामुळे त्या आवृत्तीत शस्त्र निवडताना नुकसानीच्या फाशाइतकाच या गुणाचा विचार करावा.

तिसरी पायरी: पहिल्या दोन फेऱ्या आखून ठेवाव्यात

आता एक प्रत्यक्ष लढाई पाहू. दरवाजापलीकडे चाळीस फूट लांब दालन आहे. टोकाशी, उलथ्या मेजांमागे सहा गॉब्लिन धनुष्ये घेऊन बसले आहेत आणि मध्यभागी दोन ओगर आहेत. गॉब्लिनचे हिट पॉइंट ७, ओगरचे ५९. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे तीन आणि तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतात. फायरबॉल आणि हिप्नॉटिक पॅटर्न हे दोन्ही तिसऱ्या पातळीचे मंत्र तिला येतात. कोणता मंत्र कोणावर टाकावा?

फायरबॉल आठ सहाबाजूंचे फासे टाकतो, म्हणजे सरासरी २८ नुकसान. ओगर त्याने पडत नाही. तो निम्मा जखमी होऊन तितक्याच जोराने सोटा चालवतो. गॉब्लिन मात्र सेव्ह यशस्वी झाला तरी अर्ध्या नुकसानीत, म्हणजे सरासरी १४ मध्ये, जवळजवळ नक्की मरतो. त्यांना एकेक करून मारायला फायटरला तीन फेऱ्या लागल्या असत्या आणि तोवर बाण चालूच राहिले असते. म्हणून फायरबॉल गॉब्लिनवर टाकावा. एखादा ओगर त्या वीस फूट त्रिज्येत सापडला तर उत्तमच, पण त्याच्यासाठी नेम बदलू नये. हा मंत्र फायटरने आत पाऊल टाकण्याआधी पडला पाहिजे. चाळीस फूट व्यासाचा गोळा लहान खोलीत आपल्यालाही सोडत नाही. इनिशिएटिव्हमध्ये (पाळ्यांच्या क्रमात) फायटर आधी आला तर त्याने दरवाजामागच्या आपल्या जागी जाऊन डॉज (नुसता बचाव) घ्यावा आणि थांबावे. इव्होकेशन शाखेच्या विझर्डला स्कल्प्ट स्पेल्समुळे आपल्या माणसांना वगळता येते. तिच्या पथकाला ही काळजी नाही.

दुसऱ्या फेरीत पहिला ओगर दरवाजात अंग चोरून उभा आहे आणि दुसरा त्याच्या मागे आहे. आता हिप्नॉटिक पॅटर्न टाकावा, आणि त्याचा तीस फुटांचा चौकोनी भाग दरवाजापलीकडे असा बसवावा की मागचा ओगर त्यात येईल आणि आपले कोणीही येणार नाही. ओगरच्या विझ्डम सेव्हला उणे २ आहे, म्हणजे १५ गाठण्यासाठी त्याला फाशावर १७ किंवा अधिक हवेत. ८० टक्के वेळा तो भान हरपून उभा राहतो. येथे शत्रूला जखडणाऱ्या होल्ड पर्सन या मंत्राचा मोह टाळावा, कारण तो ह्यूमनॉइड या वर्गातल्या प्राण्यांवरच चालतो आणि ओगर जायंट या वर्गातला आहे.

यानंतरची शिस्त सगळ्यांनी पाळायची आहे. भान हरपलेल्या शत्रूला इजा झाली की त्याच्यावरचा मंत्र सुटतो, म्हणून मागच्या ओगरकडे कोणीही बाण मारू नये, मंत्राचा शिंतोडाही त्याच्यावर उडू देऊ नये. सर्वांनी दरवाजातल्या ओगरवर तुटून पडावे. ॲडव्हान्टेजमुळे फायटरचा प्रत्येक वार सुमारे ९८ टक्के वेळा लागतो. पहिल्या पाळीत अ‍ॅक्शन सर्जसह चार वार आणि दुसऱ्या पाळीत दोन वार झाले की ५९ हिट पॉइंट एकट्या फायटरच्या हातून संपतात. हिप्नॉटिक पॅटर्न एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या टिकतो. उरलेल्या वेळात क्लेरिकने जखमा भराव्यात, सर्वांनी दुसऱ्या ओगरभोवती आपापल्या जागा घ्याव्यात आणि मगच पहिला वार करावा. नुसत्या इनकपॅसिटेटेड, म्हणजे काही करता न येण्याच्या, अवस्थेतील शत्रूवर ॲडव्हान्टेज मिळत नाही, त्यामुळे तो पहिला वार सर्वांत भक्कम मारणाऱ्याने करावा.

चौथी पायरी: पाळ्यांचा क्रम वाचावा

इनिशिएटिव्हचा फासा पडला की यादीत आपण कितवे, एवढेच पाहून खेळाडू थांबतात. पहिल्या फेरीनंतर ती यादी वर्तुळ बनते, आणि मग पहिला कोण याला महत्त्व उरत नाही. महत्त्व राहते ते विझर्डची पाळी आणि फायटरची पाळी यांच्या मध्ये कोण बसले आहे याला.

समजा, समोर बँडिट कॅप्टन आहे: आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ६५, विझ्डम सेव्ह अधिक २. तो ह्यूमनॉइड आहे, म्हणजे होल्ड पर्सन चालतो आणि ६० टक्के वेळा लागतो. त्याने पॅरलाइझ झालेल्या, म्हणजे जखडलेल्या, शत्रूवरच्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज मिळतो आणि पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे नुकसानीचे फासे दुप्पट करणारा, ठरतो. ग्रेटसोर्डच्या क्रिटिकल वाराचे सरासरी नुकसान १८. अ‍ॅक्शन सर्जसह चार वार केल्यास, हुकण्याची शक्यता धरूनही, सरासरी ६३ नुकसान होते. म्हणजे दोन हिट पॉइंट उरतात, जे रेंजरचा एक बाण पुरे करतो. या जोडीइतका घातक डाव पाचव्या लेव्हलला दुसरा मला माहीत नाही.

परंतु होल्ड पर्सनच्या बळीला आपल्या प्रत्येक पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह मिळतो. क्रम विझर्ड, फायटर, कॅप्टन असा असेल तर फायटरला पूर्ण ६० टक्के संधी मिळते. क्रम विझर्ड, कॅप्टन, फायटर असा असेल तर कॅप्टनला सुटण्याची आणखी एक संधी मध्येच मिळते आणि फायटरची पाळी येईपर्यंत तो बांधलेला असण्याची शक्यता ३६ टक्क्यांवर घसरते. तेच मंत्र, तीच माणसे, तोच शत्रू. फरक केवळ मध्ये कोण येतो याचा.

क्रम प्रतिकूल असल्यास विझर्डने मंत्र रेडी करून ठेवावा, आणि तो सोडण्याची अट कॅप्टनची पाळी संपणे अशी ठेवावी. मग मंत्र लागल्यावर लगेच फायटरची पाळी येते. त्याची किंमत मात्र ओळखून असावे: रेडी करताच स्लॉट खर्च होतो, मंत्र धरून ठेवायला एकाग्रता लागते, आणि त्या अवधीत कॅप्टनच्या वाराने ती मोडली तर सगळेच वाया जाते. फायटरने थांबून आपला हल्ला रेडी करणे हा पर्याय त्याहून वाईट आहे, कारण दुसऱ्याच्या पाळीत रेडी केलेला हल्ला केला तर एक्स्ट्रा अटॅक (दुसरा वार) मिळत नाही. चार वारांचा एकच उरतो.

पाचवी पायरी: एकाग्रता जपावी

वर आलेल्यांपैकी हिप्नॉटिक पॅटर्न आणि होल्ड पर्सन यांना, तसेच वेब, हेस्ट आणि ब्लेस यांना एकाग्रता लागते. एका वेळी असा एकच मंत्र धरता येतो. इजा झाली की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करावा लागतो. त्यासाठी १० किंवा झालेल्या नुकसानीच्या निम्मे, यांपैकी जास्त असेल ते गाठावे लागते. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या विझर्डला ओगरचा नेहमीचा १३ चा फटका बसला तर ती ६५ टक्के वेळा टिकते. दोन फटके बसले तर दोन वेगळे सेव्ह, आणि शक्यता ४२ टक्क्यांवर येते. वॉर कास्टर फीट असेल तर एका फटक्यात ती ८८ टक्क्यांच्या आसपास जाते, रेझिलियंट घेऊन कॉन्स्टिट्यूशन सेव्हमध्ये प्राविण्य मिळवले तर ८० टक्क्यांवर. क्लेरिकच्या ब्लेसमध्ये तीन जण बसतात आणि त्याचा चारबाजूंचा फासा याही सेव्हला मिळतो. तिन्ही जागा लढणाऱ्यांना देण्याची पद्धत आहे, पण विझर्ड एखादा मोठा मंत्र धरून असेल तर त्यांतली एक तिला द्यावी.

तरीही सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फटकाच न बसणे. चालण्याचे तीस फूट अ‍ॅक्शनच्या आधी आणि नंतर असे वाटून घेता येतात. विझर्डने भिंतीआडून दहा फूट बाहेर यावे, मंत्र टाकावा आणि दहा फूट परत जावे. भिंतीमागे गेलेल्यावर बाणही चालत नाही आणि मंत्रही. चतुर डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आपल्या धनुर्धाऱ्यांना ती बाहेर येण्याची वाट पाहत हल्ला रेडी करायला लावेल, तेव्हा दरवेळी एकाच कोपऱ्यातून डोकावू नये.

हेस्टबद्दल थोडे सावध करावेसे वाटते. फायटरला हेस्ट दिल्याने आर्मर क्लास दोनने वाढतो, वेग दुप्पट होतो आणि दर पाळीला एक जादा वार मिळतो. दोघांनाही मजा येते. पण विझर्डची एकाग्रता मोडली की फायटरला पुढची पाळी पूर्ण होईपर्यंत हलताही येत नाही आणि काही करताही येत नाही. एका वाराच्या लाभासाठी पथकाचा सर्वांत भक्कम माणूस शत्रूंच्या घोळक्यात एक पाळीभर लुळा पडण्याचा धोका पत्करावा लागतो. समोर अनेक शत्रू असताना तोच स्लॉट त्यांना थांबवण्यासाठी वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एकच बलाढ्य शत्रू असेल आणि तो विझर्डपर्यंत पोहोचू शकत नसेल, तेव्हा हेस्ट जरूर द्यावा.

सहावी पायरी: रिअ‍ॅक्शन आणि विश्रांती

प्रत्येकाला फेरीत एकच रिअ‍ॅक्शन मिळते, म्हणून ती कशासाठी राखायची हे आधीच ठरवावे. शत्रूंमध्ये जादूगार असेल तर विझर्डने काउंटरस्पेलसाठी (शत्रूचा मंत्र मोडणाऱ्या मंत्रासाठी) ती जपावी आणि साध्या बाणावर शील्ड हा बचावाचा मंत्र टाकून ती घालवू नये. काउंटरस्पेलचा पल्ला साठ फूट आहे. त्यापलीकडे उभे राहिल्यास तो उपयोगाचा नाही. २०२४ च्या नियमांत शत्रूला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मिळतो, त्यामुळे तेथे या मंत्राची खात्री कमी झाली आहे.

फायटरचा सेकंड विंड (स्वतःच्या जखमा भरण्याची क्षमता) आणि अ‍ॅक्शन सर्ज तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत येतात. विझर्डचे स्लॉट लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने), आणि दिवसातून एकदा आर्केन रिकव्हरीने थोडे. म्हणजे फायटरने लढाईच्या आरंभी अ‍ॅक्शन सर्ज वापरून टाकणे सहसा योग्य असते, तर विझर्डने पुढे किती लढाया आहेत याचा अंदाज घेऊन हात राखावा. शॉर्ट रेस्ट कधी घ्यायची हे सगळ्यांनी मिळून ठरवावे.

सातवी पायरी: माघारही आखून ठेवावी

पथके मरतात ती बहुधा एक फेरी उशिरा निघाल्यामुळे. शून्यावर गेलेल्या साथीदारावर जवळून झालेला एक वार क्रिटिकल ठरतो आणि त्याच्या खात्यात डेथ सेव्हची (मरणापासून वाचण्याच्या फाशांची) दोन अपयशे जमा होतात. तिसऱ्याला तो मरतो. म्हणून दोघे आडवे झाल्यावर चर्चा सुरू करण्यापेक्षा पहिला आडवा झाला की निघावे, ही खूणगाठ खेळ सुरू होण्याआधीच बांधून ठेवावी. क्लेरिकने साठ फुटांवरून हीलिंग वर्ड टाकून पडलेल्याला त्याच्या स्वतःच्या पाळीच्या अगदी आधी उठवावे, म्हणजे शत्रूला त्याला पुन्हा पाडायला वेळ मिळणार नाही.

निघण्याचा क्रम असा ठेवावा: आधी जखमी, मग क्लेरिक आणि रेंजर, मग विझर्ड, शेवटी फायटर. विझर्डने दुसऱ्या पातळीचा एक स्लॉट मिस्टी स्टेप या क्षणात दूर नेणाऱ्या मंत्रासाठी आणि पहिल्या पातळीचा एक फॉग क्लाउडसाठी लढाईभर हात न लावता ठेवावा. फॉग क्लाउडचे धुके वीस फूट त्रिज्येत पसरते आणि त्यातून कोणाला काही दिसत नाही. ते दरवाजात टाकले की धनुर्धारी आंधळे होतात. ऑपॉर्च्युनिटी अटॅक दिसणाऱ्या शत्रूवरच करता येतो, त्यामुळे धुक्यातून मागे सरणाऱ्या फायटरवर तोही होत नाही. धुके पडण्याआधीच त्याला निघावे लागले तर त्याने डिसएंगेज घेऊन सरळ चालत मागे यावे, आणि पथकाने त्याच्यासाठी वाटेतली चौकट मोकळी ठेवावी. २०२४ च्या नियमांत पाचव्या लेव्हलच्या फायटरला सेकंड विंड घेतानाच, ऑपॉर्च्युनिटी अटॅक न ओढवता, आपल्या वेगाच्या निम्मे अंतर सरकता येते. त्या आवृत्तीत खेळताना सेकंड विंडचा शेवटचा वापर या क्षणासाठी शिल्लक ठेवावा.